बॉयलरचं प्रेशर उतरलं तर: ब्रिटनमधल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर सरता सरता घड्याळं तासभर मागे जातात, घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर डायलचे फोटो यायला लागतात. काटा शून्याला टेकलेला आणि खाली एकच ओळ: "कुणाला माहितीये का हे?" त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. ती मुख्यतः भिंतीवरच्या कॉम्बी बॉयलरसाठी, म्हणजे नळाचं आणि रेडिएटरचं दोन्ही पाणी तापवणाऱ्या बॉयलरसाठी आहेत. लॉफ्टमध्ये टाकी असलेलं जुनं घर किंवा लंडनमधला नव्या टॉवरमधला फ्लॅट असेल, तर खाली त्याचा वेगळा प्रश्न आहे, आधी तो वाचा.

प्रेशर उतरलं म्हणजे कशाचं? नळाला तर पाणी जोरात येतंय.

नळाच्या पाण्याचा याच्याशी संबंध नाही. कॉम्बी बॉयलरमध्ये दोन प्रकारचं पाणी असतं आणि ते एकमेकांत मिसळत नाही. एक नळाचं. ते बाहेरच्या मेनमधून येतं, तापतं आणि शॉवरमधून निघून जातं. दुसरं रेडिएटरचं. ते एकदा भरलं की बॉयलर, पाईप आणि रेडिएटर एवढ्यातच वर्षानुवर्षं फिरत राहतं. आपल्याला सवय गीझरची, तिथे तापलेलं पाणी बादलीत येतं आणि संपतं, त्यामुळे हे दुसरं पाणी पटकन लक्षात येत नाही. डायलवरचा आकडा या दुसऱ्या पाण्याचा असतो. तो उतरला म्हणजे त्या बंद जाळ्यातून पाणी किंवा हवा, काहीतरी बाहेर पडलं आहे.

उलट शॉवरची धार बारीक झाली असेल तर डायलकडे बघून उपयोग नाही. ती मेनच्या प्रेशरची किंवा शॉवरच्या जाळीत साठलेल्या क्षाराची तक्रार आहे.

आकडा किती असायला हवा?

हीटिंग बंद आणि रेडिएटर हाताला गार लागत असताना १ ते १.५ बार. हीटिंग चालू असताना तो २ च्या आसपास गेला तर घाबरू नका, पाणी तापलं की फुगतंच. ०.५ च्या खाली बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात, आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जादा पाणी घराबाहेर सोडतो.

१ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचं ओझं. बॉयलर तळमजल्याच्या किचनमध्ये आणि सगळ्यात वरचा रेडिएटर त्याच्यापेक्षा पाच मीटर उंच असेल, तर अर्धा बार नुसता पाणी वर पोचवण्यात खर्च होतो. लॉफ्ट कन्व्हर्जन केलेल्या तिमजली घरात म्हणूनच १ बार अपुरा पडतो. तिथे १.५ ठेवावं. कुणी फोनवर "आमचं दोन आहे, तुमचं एकच?" म्हणालं, तर आधी विचारा की त्यांचा बॉयलर तेव्हा तापलेला होता का.

डायल नाही, नुसता एक कोड दिसतोय.

व्हेलंटचा एफ २२, आयडियल लॉजिकचा एफ १, बॅक्सीचा मॉडेलप्रमाणे ई ११८ किंवा ई ११९: हे सगळे पाणी कमी असल्याचं सांगतात. दुसऱ्या मेकचा बॉयलर असेल तर खालच्या झडपेच्या आतल्या बाजूला बहुधा कोडचा तक्ता चिकटवलेला असतो. (फर्नॉक्सचं 'एफ १' नावाचं एक केमिकल दुकानात मिळतं. आयडियलच्या कोडशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा कोड बघून ती बाटली आणू नका.)

कडाक्याची थंडी असताना व्हेलंटवर एफ २८ दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. तो बर्नर न पेटल्याचा कोड आहे. बाहेर जाणारा कंडेन्सेटचा (धुरातल्या वाफेच्या पाण्याचा) प्लॅस्टिक पाईप गोठला असेल तरी तो येतो. प्रेशर भरून तो जाणार नाही.

पाणी मी स्वतः भरू शकतो का? गॅसचं उपकरण आहे, भीती वाटते.

भरू शकता. पाणी भरणं हे गॅसचं काम नाही आणि बॉयलरच्या कंपन्याच मॅन्युअलमध्ये घरमालकाला ते करायला सांगतात. सीमारेषा सोपी आहे: हाताने उघडणारी खालची झडप तुमची, स्क्रू काढून निघणारं पुढचं आवरण तुमचं नाही. ते आवरण गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसची कामं करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव असलेल्या माणसानेच उघडायचं. एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कॉर्गी या जुन्या यादीच्या जागी हे रजिस्टर आलं. दारात आलेल्या माणसाकडे फोटोचं कार्ड मागा आणि ते उलटूनही बघा. त्याला कोणकोणती कामं करायची मुभा आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. कार्ड मागण्यात संकोच नको, ते त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

मग भरायचं कसं?

हीटिंग बंद करा आणि बॉयलर गार होऊ द्या. गरम असताना भरलं तर आकडा फसवा दिसतो.

आता टॉर्च घेऊन बॉयलरखाली बघा. स्टीलच्या तारांची वीण असलेली, बोटभर जाडीची एक लवचिक नळी दिसेल, तिच्या टोकांना छोटे व्हॉल्व्ह असतील. हाच फिलिंग लूप. बॉयलरखाली नसेल तर सिंकखाली किंवा एअरिंग कपबोर्डमध्ये शोधा. व्हॉल्व्हची मूठ पाईपच्या रेषेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. काहींना मूठच नसते, नुसती खाच असते. तिथे सपाट स्क्रू ड्रायव्हर लावून पाव फेरा द्यायचा.

नळीचे दोन्ही नट घट्ट आहेत का ते आधी हाताने बघून घ्या आणि खाली फडकं टाका. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. दुसरा अगदी हळू, केसभर. पाणी सूं करत आत जाताना ऐकू येईल. त्या वेळी नजर डायलवरून हलवायची नाही. १ बार भरायला मिनिटभरही लागत नाही, आणि "चहा ठेवून येते तोवर" म्हणून गेलेल्यांचा काटा परत येईपर्यंत लाल पट्ट्यात असतो. आकडे दाखवणारी स्क्रीन असेल तर ती जरा मागून येते, म्हणून थोडं भरा, थांबा, बघा, पुन्हा भरा. १.२ ते १.३ ला दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, मग रिसेटचं बटण दाबा.

नियमाप्रमाणे काम झाल्यावर लूप काढून ठेवायचा असतो आणि टोकांना टोप्या लावायच्या असतात. १९९९ च्या पाणी जोडणीच्या नियमांमागचं कारण रास्त आहे: रेडिएटरमधलं केमिकल घातलेलं काळं पाणी पिण्याच्या पाण्याच्या पाईपात उलटं जाता कामा नये. बऱ्याच घरांत तो कायमचा लटकत राहतो हे खरं. तुमच्याकडे तसाच असेल तर निदान दोन्ही बाजू नीट बंद आहेत ना, एवढं बघा.

आमच्या बॉयलरला नळीच नाही.

म्हणजे लूप आतच आहे. वूस्टर बॉशच्या कित्येक मॉडेलमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकची चावी लागते. ती बहुधा खालच्या ट्रेमध्ये खोचलेली असते, आणि आधीच्या मालकाने घर सोडताना हरवलेली असते. नवी ऑनलाइन मिळते, पण मॉडेल बघून मागवा. कुलपाच्या चित्रांप्रमाणे चावी बसवून फिरवायची आणि शेजारचा पांढरा नट सोडून पाणी घ्यायचं. चावी काढताना थोडं पाणी सांडतं, ती गळती नाही. इतर काही मॉडेलना खाली फक्त एक छोटी तरफ असते, ती ओढून धरली की पाणी भरतं आणि सोडली की थांबतं.

जास्त भरलं गेलं. तीनच्या जवळ आहे.

एखाद्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला बारीक स्क्रू रेडिएटरच्या चावीने किंचित सोडा आणि खाली वाडगं धरा. कपभर पाणी गेलं तरी काटा चांगलाच खाली येतो. बॉयलरजवळच्या सेफ्टी व्हॉल्व्हची लाल मूठ फिरवून पाणी सोडू नका. जुना व्हॉल्व्ह एकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो, तो पुन्हा पूर्ण बसत नाही आणि त्या दिवसापासून थेंब थेंब गळायला लागतो.

भरलं, दोन दिवसांत पुन्हा उतरलं. आता?

खरा प्रश्न इथून सुरू होतो. भरण्याचं तंत्र पाच मिनिटांत जमतं, त्यामुळे लोक भरतच राहतात आणि पाणी जातंय कुठे हे कुणी बघत नाही.

नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल, किंवा बॉयलर नवा असून पहिलेच काही आठवडे चालू असतील, तर एक-दोनदा भरावं लागणं साहजिक आहे. ते सोडून बाकी वेळा शोध घ्यायचा. कागदावर तारीख आणि गार असतानाचा आकडा लिहायला लागा. वर्षातून एकदा भरावं लागणं आणि आठवड्यातून एकदा भरावं लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंजिनियरला या नोंदीचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

मग घरभर फिरा, सगळं गार असताना. गरम रेडिएटरवरची बारीक गळती जागच्या जागी सुकते आणि काहीच दिसत नाही. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हखाली, जिथे दांडा आत शिरतो तिथे, टिश्यू पेपर गुंडाळून दाबा. ओला लागला तर सापडलं. कोरडा लागला तरी पितळेच्या नटावर हिरवट-निळा पापुद्रा किंवा पाईपवर तपकिरी ओघळ दिसतो का बघा. तिथून कधीतरी पाणी येऊन गेलं आहे. बाथरूममधली टॉवेल रेल विसरू नका, टॉवेलांमुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. छतावर पिवळट डाग, फुगलेलं लॅमिनेट, अनवाणी चालताना एकाच जागी कोमट लागणारी फरशी, हे सगळे गळतीचे पत्ते आहेत.

काहीच सापडलं नाही तर इंजिनियर एक सोपी चाचणी करतो: रात्री हीटिंग बंद ठेवून बॉयलरखालचे फ्लो आणि रिटर्नचे (रेडिएटरकडे पाणी नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या पाईपांचे) व्हॉल्व्ह बंद करायचे. सकाळी बॉयलरचा आकडा पडलेला असेल तर गळती बॉयलरमध्ये. तो जिथल्या तिथे असेल आणि व्हॉल्व्ह उघडताच पडला तर गळती घरातल्या पाईपांत. हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हललेले नसतात, त्यामुळे जोर लावून फिरवायला जाऊ नका. पाईप काँक्रीटच्या फरशीत गाडलेले असतील तर खोदण्याआधी होम इन्शुरन्सची कागदपत्रं काढा. गळती शोधण्यासाठी फोडतोड करण्याचा खर्च अनेक पॉलिसींमध्ये 'ट्रेस अँड ॲक्सेस' या नावाखाली मिळतो.

हीटिंग चालू असताना काटा तीनला, गार झालं की शून्यावर. असं का?

हे लक्षण बहुतेक वेळा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: एक्स्पान्शन व्हेसल.

१०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं की सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. बंद पाईपांत त्या वाढीव पाण्याला जागा लागते. ती जागा म्हणजे बॉयलरच्या आतली एक चपटी डबी. तिच्यात मधोमध रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला साधारण ०.७५ ते १ बारने भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते, निवलं की हवा त्याला परत ढकलते. वर्षं गेली की ही हवा हळूहळू कमी होते. मग फुगलेल्या पाण्याला दाबायला काही उरत नाही, काटा सरळ तीनवर चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो आणि रात्री गार झाल्यावर तेवढं पाणी कमी पडतं. सकाळी तुम्ही भरता, संध्याकाळी पुन्हा तेच.

या डबीला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. इंजिनियर प्रणालीतलं प्रेशर शून्यावर आणून त्यातून हवा भरतो. पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला, डबी बदलावी लागणार. काही बॉयलरमध्ये ती इतकी मागे दडवलेली असते की ती काढण्यापेक्षा बाहेर पाईपवर दुसरी बसवणं सोपं पडतं. इंजिनियरने तसं सुचवलं तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नका.

सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय की नाही हे घरबसल्या कसं कळेल?

बॉयलरच्या मागच्या बाहेरच्या भिंतीवर एक बारीक तांब्याचा पाईप बाहेर येतो आणि पुन्हा भिंतीकडे वळलेला असतो. त्याच्या तोंडाला छोटी प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने सैलसर बांधा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत पाणी असेल तर उत्तर मिळालं. गरम पाणी अचानक येऊ शकतं, तेव्हा पिशवी बॉयलर गार असताना बांधा आणि काम झालं की काढून टाका.

शेजारच्या पांढऱ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पाईपमधून हीटिंग चालू असताना थेंब पडणं ठीक आहे, ते धुरातल्या वाफेचं पाणी असतं. बॉयलर कित्येक तास बंद असूनही तिथून ठिबकत राहिलं, तर आतला हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) गळत असण्याची शंका घ्यावी. तो खर्च मोठा असतो.

वरच्या मजल्यावरचे रेडिएटर खाली गरम, वर गार. याचा प्रेशरशी संबंध?

वर हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून, तळमजल्यापासून सुरुवात करत, चावीने हवा सोडा. फिस्स थांबून पाणी आलं की लगेच बंद. त्यानंतर प्रेशर उतरणारच, ते भरून घ्या.

दर रविवारी भरतो आणि आठवडा निघतो. बिघडलं कुठे?

प्रत्येक वेळी आत जाणाऱ्या ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. तो स्टीलच्या रेडिएटरना आतून गंजवतो, त्या गंजाचा काळा गाळ पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो. गंज रोखण्यासाठी घातलेलं इनहिबिटर दर भरण्याबरोबर पातळ होत जातं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड, त्यामुळे क्षाराची भर वेगळी. पंचवीस पेन्सच्या वॉशरची गळती अशीच चालू ठेवून लोक पंपाच्या खर्चात पडतात.

लीक सीलर (गळती बुजवणारं केमिकल) ओतला तर?

पाईपातल्या अगदी बारीक पाझरावर कधीकधी चालतो. सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा एक्स्पान्शन व्हेसलच्या दोषावर त्याचा शून्य उपयोग, आणि लोक नेमका तिथेच ओततात. आधी निदान, मग बाटली. बॉयलर वॉरंटीत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय काहीच ओतू नका.

कुणी हात न लावता प्रेशर वाढतंय.

फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल. लूप काढून ठेवा आणि टोप्या लावा. तरीही वाढलं तर नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरला आत भोक पडलं असावं: मेनचं प्रेशर जास्त, म्हणून ते पाणी रेडिएटरच्या बाजूला घुसतं. इंजिनियर बोलवा.

घर भाड्याचं आहे. एजंट म्हणतो तुम्हीच भरा.

कधीमधी भरायला सांगणं वावगं नाही. पण वारंवार उतरत असेल तर ती दुरुस्ती आहे, आणि इंग्लंडमध्ये लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५ च्या कलम ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं हे बहुतेक भाडेकरारांत घरमालकाचं काम आहे. फोनवर बोलून सोडू नका. डायलचे तारखेसकट फोटो जोडून ईमेल करा. गॅसची वार्षिक तपासणी घरमालकाला करावीच लागते आणि तिची प्रत तपासणीपासून २८ दिवसांत तुम्हाला मिळायला हवी.

आई-बाबा भारतातून आलेत. आम्ही ऑफिसात असताना बंद पडलं तर त्यांना कसं समजावू?

ते आल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना एकदा समोर उभं करून भरायला लावा. दोन व्हॉल्व्हना रंगीत टेप लावा, डायलवर १ आणि १.५ शी मार्करने खुणा करा आणि शेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवा: आधी लाल, मग हिरवा हळू, दुसऱ्या खुणेच्या आत दोन्ही बंद. व्हिडिओ कॉलवर "अहो बाबा, डावीकडचा, डावीकडचा!" करण्यापेक्षा हे बरं. आणि गॅसचा वास आला तर बॉयलरला हात न लावता, विजेची बटणं न दाबता, खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा.

डिसेंबरात महिनाभर पुण्याला जातोय. बॉयलर बंद करून जाऊ?

मुळीच नाही. थर्मोस्टॅट १२ ते १५ अंशांवर ठेवून जा. पण प्रेशर उतरत असलेला बॉयलर मध्येच बंद पडेल आणि मग पाईप गोठून फुटायचा धोका उरतोच, म्हणून बिघाड असेल तर निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. शेजाऱ्याला चावी देऊन आठवड्यातून एकदा आकडा बघायला सांगा. घर किती दिवस रिकामं राहिलं तर विमा लागू राहतो, हे पॉलिसीत वाचा. बऱ्याचदा ही मर्यादा ३० किंवा ६० दिवसांची असते.

आमच्याकडे डायलच सापडत नाही.

लॉफ्टमध्ये छोटी टाकी असेल तर ती उघडी प्रणाली आहे. पाणी टाकीतून आपोआप भरतं, तिथे प्रेशर नावाचा प्रश्नच नाही. आणि नव्या फ्लॅटमधल्या कपाटात बॉयलरसारखी पेटी असेल पण घरात गॅसच नसेल, तर तो बहुधा हीट इंटरफेस युनिट आहे, म्हणजे उष्णता इमारतीच्या सामाईक यंत्रणेतून येते. त्याचे व्हॉल्व्ह फिरवू नका, बिल्डिंग मॅनेजमेंटला कळवा.

इंजिनियर म्हणतो, बॉयलर बारा वर्षांचा झाला, नवाच घ्या.

त्याला विचारा: पाणी नेमकं कुठून जातंय ते सापडलं का? गळती फरशीखालच्या पाईपात असेल तर नवा बॉयलरही तेच पाणी गमावणार. व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह, रेडिएटरचा व्हॉल्व्ह ही सगळी बदलता येणारी कामं आहेत. मुख्य हीट एक्स्चेंजर गेला असेल आणि वॉरंटी संपली असेल, तेव्हा नव्याचा हिशोब मांडायला हरकत नाही, आणि तेव्हाही दोन वेगवेगळ्या माणसांकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात जुने पाईप धुऊन घेणं आणि इनहिबिटर घालणं धरलं आहे का ते बघा.